कुलवृत्तान्तांतील प्रमाणविचार : ठाणें-कल्याणच्या वंशावळींच्या निमित्तानें

महाराष्ट्रांत कुलवृत्तान्त छापण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत चांगलीच रुजली. आपटे, बापट, गोखले इत्यादि घराण्यांचे वृत्तान्त ग्रंथरूपानें निघाले, आणि सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांस त्यांचा उपयोग झाला हें कोणीही नाकारणार नाहीं. ठाणें, कल्याण व डोंबिवली या टापूंत ही हौस अद्यापि ओसरलेली नाहीं. पोटापाण्यासाठीं गांव सोडून आगगाडीच्या वाटेवर वस्ती केलेल्या कुटुंबांस मूळ पुरुषाची व मूळ गांवाची ओढ अधिकच लागते, आणि तींत वावगें कांहीं नाहीं. कोणी हस्तलिखित, कोणी छापील, तर कोणी संगणकावर जुळविलेली वंशावळ अभिप्रायार्थ आणून देतात. अशा पुष्कळ वंशावळी पाहिल्यावर त्यांच्या रचनेंतील एका मूलभूत दोषाविषयीं लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. विशिष्ट घराण्यावर टीका करण्याचा आमचा हेतु नाहीं. सबब कोणाचेंही नांव येथें घेतलेलें नाहीं.

दोष असा कीं, वंशावळ ही एकाच जातीच्या प्रमाणांनीं सिद्ध झालेली वस्तु आहे असें समजून ती वरपासून खालपर्यंत एकाच ठशांत छापली जाते. आजोबा व पणजोबा यांस जन्ममृत्यूच्या नोंदींचा आधार असतो. त्यांच्यावरील दोन-तीन पुरुषांस इनामाच्या वा वतनाच्या कागदाचा असतो. त्यावरील पांच-सहा नांवें कोणा वृद्ध आप्तानें सांगितलेलीं असतात. आणि सर्वांच्या मस्तकीं एखादा राजा, ऋषि किंवा सेनानी विराजमान असतो. या चार थरांची योग्यता भिन्न आहे. परंतु कागदावर ओढलेली रेघ सर्वत्र सारखीच काळी असल्यामुळें वाचकास ती योग्यता कळण्यास मार्ग राहत नाहीं. पुढें एखादा इतिहासकार त्याच वंशावळीचा आधार घेऊन लिहितो, आणि ऐकीव गोष्ट दोन छापील पुस्तकांच्या बळावर सिद्धान्त होऊन बसते.

हें विवेचन निराधार वाटूं नये म्हणून ठाण्याचेंच एक जुनें उदाहरण घेऊं. इ. स. १७८७ मध्यें ठाण्याच्या किल्ल्यांत खोदकाम चाललें असतां शिलाहार राजा अरिकेसरी याचा ताम्रपट सांपडला. त्याचा काळ शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७. त्याचें भाषान्तर कलकत्त्याच्या एशियाटिक रिसर्चेस या ग्रंथमालेच्या पहिल्याच भागांत प्रसिद्ध झालें. शिलाहारांच्या ताम्रपटांतून जी राजवंशावळ येते तिचा आरंभ जीमूतवाहन विद्याधरापासून होतो. शंखचूड नागाच्या रक्षणार्थ गरुडास स्वदेह अर्पण करणारा हा पुरुष संस्कृतज्ञांस नागानन्द नाटकामुळें परिचित आहे. त्याच्यानंतर कपर्दी, पुल्लशक्ति, दुसरा कपर्दी असा क्रम लागतो. आतां ताम्रपटांतील अक्षरें सर्व एकाच टाकीनें कोरलेलीं आहेत; जीमूतवाहनाचें नांव फिकट व कपर्दीचें ठळक असा भेद धातूंत नाहीं. तरी इतिहासकारांनीं पहिलें नांव कुलाभिमानाच्या सदरांत घातलें व दुसरीं मान्य केलीं. कां? पुल्लशक्ति व दुसरा कपर्दी यांचीं नांवें साष्टी बेटांतल्याच कान्हेरीच्या लेण्यांत, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळच्या शिलालेखांतून, स्वतंत्रपणें आढळतात म्हणून. प्रत्यक्ष राजाच्या मुद्रेनें प्रमाणित झालेल्या वंशावळीस जो निकष आपण लावतों, तो कल्याणच्या एखाद्या गृहस्थाच्या वंशावळीस लावतांना संकोच कां वाटावा?

याहून जवळचा व अधिक घोटाळ्याचा आधार म्हणजे महिकावतीची ऊर्फ माहीमची बखर. कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं ती १९२४ सालीं विस्तृत प्रस्तावनेसह छापली, तेव्हांपासून उत्तर कोंकणांतील घराण्यांस ती कुलपुराणासारखी झाली आहे. बिंबराजाबरोबर आलेलीं कुळें, त्यांचे वंश, गोत्रें, कुलदेवता हे सर्व तींत असल्यामुळें ज्यास त्यास आपलें आडनांव तेथें शोधावेंसें वाटतें. परंतु ही बखर एका हाताची नाहीं. तिचीं सहा प्रकरणें निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या लेखकांनीं रचिलेलीं आहेत, आणि त्यांतील अतिशय जुना भाग शके १३७०, म्हणजे इ. स. १४४८ च्या सुमारचा, हें राजवाड्यांनींच दाखवून दिलें आहे. प्रतापबिंबाचें आगमन शके १०६० चें, म्हणजे इ. स. ११३८ चें धरलें, तर जुन्यांत जुना लेखकही त्या प्रसंगापासून ३१० वर्षें दूर होता. प्रतापबिंबाची कथा व देवगिरीकडून आलेल्या बिंबाची कथा या दोन्ही परंपरा एकमेकींत गुंतल्या आहेत ती गोष्ट आणखी निराळी. तात्पर्य, १४४८ सालीं साष्टींतील लोक आपल्या कुळांविषयीं काय सांगत होते, याचा ती बखर उत्तम पुरावा आहे. ११३८ सालीं कोण कोणाबरोबर आला, याचा तेवढाच पुरावा ती नव्हे. या दोन वाक्यांतील भेद ज्यास समजला त्यास बखर वाचतां येऊं लागली असें म्हणावें.

बखरीचा आधार घेणाऱ्यांनीं निदान साधें गणित तरी करावें. ११३८ पासून आजपर्यंत ८८० हून अधिक वर्षें झालीं. पिढीस पंचवीस ते तीस वर्षें धरलीं तर तीस ते पस्तीस पुरुष व्हावयास पाहिजेत. एखाद्या पटांत बिंबाच्या सरदारापासून विद्यमान कर्त्यापर्यंत बाराच नांवें असतील, तर प्रत्येक पुरुषास त्र्याहत्तर वर्षांचें अंतर पडतें. म्हणजे प्रत्येक बापास सत्तरी उलटल्यावर मुलगा झाला असें मानावें लागेल! येथें असत्य कोणी बुद्धिपुरस्सर लिहिलें असें नाहीं. खालचीं सहा-सात नांवें खरीं असतात, वरचीं एक-दोन बखरींतलीं असतात, आणि मधला भंग कोणासही सोसवत नाहीं म्हणून दोन्ही टोंकें एकमेकांस बांधलीं जातात. भंग हा कुलास कलंक नव्हे. आम्हांस तर भंग जेथल्या तेथें दाखविणारी वंशावळ अधिक विश्वासार्ह वाटते.

पोथ्यांच्या पाठचिकित्सेचा ज्यांस सराव आहे त्यांस दुसरा एक दोष सहज दिसेल. आपल्याकडे नातवास आजोबांचें नांव ठेवण्याची चाल आहे; त्यामुळें महादेव रामचंद्र, रामचंद्र महादेव, पुनः महादेव रामचंद्र अशी माळ तयार होते. नक्कल करणाऱ्याची दृष्टि एका महादेवावरून दुसऱ्या महादेवावर उडाली कीं दोन पिढ्या गळतात. पोथ्यांतून सारख्या शब्दांमधील ओळ गळते तीच ही जात. उलट, दोन नकला जुळवितांना एकच महादेव दोनदां धरला जाऊन दोन पिढ्या वाढतात. सबब नुसतें नांव जुळलें म्हणून माणूस जुळला असें मानूं नये. गांव, हुद्दा, भावांचीं नांवें व साल यांपैकीं निदान दोन गोष्टी जुळल्याखेरीज एकता स्थापित करूं नये, हा नियम ठेवावा.

आतां कागदांकडे वळूं. कोणताही कागद वंशावळीसाठीं जन्मास येत नाहीं. त्याचा हेतु दुसराच असतो, आणि तो हेतु ओळखल्याविना कागद वाचणें व्यर्थ होय. वतनाच्या तंट्यांतील करीना घ्या. त्यांत ज्यांस हिस्सा पोंचतो तेवढेच पुरुष येतात; निपुत्रिक चुलता, संन्यास घेतलेला भाऊ, परगांवीं गेलेली शाखा यांस तेथें स्थान नाहीं, आणि मुलींस तर मुळींच नाहीं. इ. स. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनची चौकशी सुरू झाली, तेव्हां उत्पन्न राखण्यासाठीं घराण्यांनीं आपापल्या वंशावळी व सनदा सरकारांत रुजू केल्या. हा संग्रह अमोल आहे. पण तो हक्क शाबीत करण्यासाठीं झालेला आहे. दत्तक पुत्र औरसाच्या रेघेवर चढविणें किंवा सनदेंतील पुरुष अगदीं सरळ पूर्वज म्हणून दाखविणें यांत लाभ होता, म्हणून तेथें संशोधकानें विशेष सावध असावें. उलटपक्षीं नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरू आपलें, बापाचें, आजाचें, भावांचें व मुलांचें नांव लिहितो, तें कोणाशीं भांडण्याकरितां नव्हे. तेथें मातेचें व पत्नीचें नांवही पुष्कळदां सांपडतें. तीन पिढ्यांपुरती त्या वहीची साक्ष करीन्यापेक्षां वजनदार ठरते. मात्र तीच वही जेव्हां सातव्या-आठव्या पुरुषाचें नांव सांगूं लागते, तेव्हां तीही ऐकीवच होते.

आडनांवांविषयींही हेंच म्हणावें लागतें. गांवावरून आलेलें करप्रत्ययान्त आडनांव गांव सांगतें, रक्त सांगत नाहीं. एकाच गांवचे ब्राह्मण, मराठे व बेने इस्रायल तें सारखेंच लावतात. गोत्र एक म्हणून कुल एक, ही समजूतही तितकीच निराधार आहे. ठाण्याच्या ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज आडनांवें आहेत. तीं बहुधा दीक्षेच्या वेळीं धर्मपित्याकडून वा पाद्र्याकडून आलेलीं. तेव्हां त्यांवरून लिस्बनांत पूर्वज शोधूं जाणें व्यर्थ. त्यांचे पूर्वज साष्टींतच शेत कसत होते. परंतु या कुटुंबांस एक लाभ आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाहाच्या व दीक्षेच्या नोंदवह्या ठेवण्याचा निर्बंध घातल्यापासून त्यांच्या देवळांतून अशा नोंदी होऊं लागल्या. जेथें त्या वह्या टिकल्या तेथें मूल, बाप, आई व धर्ममातापिता हीं सर्व एका ओळींत समकालीन हस्ताक्षरांत मिळतात.

अशा वह्यांच्या बळावर सबंध देशाचें कुलसंशोधन कसें चालतें, आणि वह्या असूनही मनुष्यस्वभाव कसा तोच राहतो, हें पाहावयाचें असेल तर पोलंडकडे पाहावें. हा देश आम्हांस वाटतो तितका दूरचा नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत सोव्हिएट मुलुखांत हद्दपार झालेल्या पोलिश कुटुंबांपैकीं सुमारें पांच हजार माणसें, बहुतांशीं स्त्रिया व मुलें, इराणमार्गें हिंदुस्थानांत येऊन १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडें येथील छावणींत राहिलीं. पुढें तीं इंग्लंडादि देशांत पांगलीं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानांत त्यांचें स्मारक आहे, आणि त्यांच्यापैकीं कांहींचीं थडगींही त्या शहरांत आहेत. यांपैकीं बहुतेकांचीं मूळ गांवें पूर्व पोलंडांतलीं. तो मुलूख युद्धानंतर सोव्हिएट संघांत गेला व आज युक्रेन, बेलारूस व लिथुआनिया या राष्ट्रांत वांटला गेला आहे. म्हणजे आजा पोलंडचा, त्याच्या गांवची वही परराज्यांत, आणि आजीचें थडगें करवीरांत! अशा घराण्याचा वृत्तान्त लिहावयाचा तर थडग्यावरील एक ओळ, छावणीच्या यादींतील एक नांव यांस किती मोल येत असेल, याची कल्पना आमच्या वाचकांनींच करावी.

पोलंडची वाटणी १७७२, १७९३ व १७९५ अशी तीनदां झाली. परिणामीं एकाच घराण्याच्या नोंदी लॅटिन, पोलिश, जर्मन व रशियन भाषांतून विखुरल्या आहेत. वॉर्सा प्रांतांत १८६८ पासून त्या रशियनमध्यें लिहाव्या लागल्या. कल्याणच्या जुन्या घराण्यास फारसी, मोडी व इंग्रजी आणि ठाण्याच्या घराण्यास शिवाय पोर्तुगीज लागते, त्यांतलाच हा प्रकार. राजवट बदलली कीं लेखणी बदलते. माणसें मात्र तेथेंच असतात.

पोलिश सरदारवर्गाची स्वतःविषयींची कथाही आपल्या सूर्यवंश-सोमवंशाच्या कथेसारखीच आहे. आपण प्राचीन सार्मेशियन योद्ध्यांचे वंशज आहों असें तो सोळाव्या-सतराव्या शतकांत मानीत असे. एकाच कुलचिन्हाखालीं शेंकडों असंबद्ध घराणीं नांदत. आपल्याकडील गोत्रासारखेंच तें. सतराव्या शतकांत वालेरियन त्रेप्का नांवाच्या गृहस्थानें खोट्या सरदारांची यादी करण्यांत आयुष्य घालविलें; अडीच हजारांवर नोंदींचा तो ग्रंथ १९६३ सालीं प्रथम छापला गेला. त्यांत विद्वेष पुष्कळ आहे व ऐकीवही पुष्कळ. परंतु वंशावळी कशा बनविल्या जातात याचें असें जिवंत चित्र क्वचित् मिळेल. पुढें कास्पर न्येसेत्स्की या जेझुइट विद्वानानें १७२८ ते १७४३ या काळांत घराण्यांचा महाकोश चार भागांत प्रसिद्ध केला. त्यानें प्रमाणें मागितलीं म्हणून त्यास कित्येक घराण्यांचा रोष पत्करावा लागला. आणि १८३६ सालीं रशियन अंमलांत सरदारकी सिद्ध करण्याचा कायदा झाला, तेव्हां घराण्यांनीं आपापले पुरावे सरकारदरबारीं रुजू केले. आमच्या इनाम कमिशनच्या अगोदर सोळा वर्षें घडलेली ही गोष्ट आहे. जेथें वंशावळीवर उत्पन्न वा प्रतिष्ठा अवलंबून असते तेथें वंशावळ वाढते, हा नियम देशपरत्वें बदलत नाहीं.

मग करावें काय? दंतकथा पुसून टाकाव्या असें आमचें मत नाहीं. कुळाची दंतकथा हाही त्या कुळाच्या इतिहासाचा अंश आहे. ती केव्हां व कां निर्माण झाली हें कळलें तर त्यापासून पुष्कळ शिकतां येतें. प्रश्न तिला जागा कोठें द्यावी एवढाच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या मंदिरानें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची जी चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली, तींत याचा उत्कृष्ट वस्तुपाठ आहे. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणें हस्तलिखितांच्या एकवाक्यतेनें सिद्ध होणारी संहिता वर येते. पाठभेद व प्रक्षिप्त श्लोक रेषेखालीं वा परिशिष्टांत जातात. एकही श्लोक फेंकून दिलेला नाहीं; परंतु वरचें कोणतें व खालचें कोणतें याविषयीं वाचकाचा गैरसमज होत नाहीं. कुलवृत्तान्तानेंही असेंच करावें. रेषेच्या वर प्रमाणसिद्ध पिढ्या, रेषेखालीं कुलकथा.

वरच्या भागांतही प्रत्येक नांवापुढें प्रमाणाची खूण असावी. आम्ही चार अक्षरें सुचवितों. अन्य हेतूनें झालेल्या समकालीन नोंदीस, उदाहरणार्थ उपाध्यायाच्या वहींतील सहीस, देवळाच्या नोंदवहीस किंवा हिशेबाच्या कीर्दींतील नांवास, 'स'. समकालीन परंतु हक्कासाठीं झालेल्या कागदास 'ह'. पुढील काळीं लिहिलेल्या बखरीस वा टिपणास 'उ'. केवळ ऐकीवास 'ऐ'. 'ऐ'ची पिढी कितीही प्रिय असली तरी ती 'स'च्या दोन पिढ्यांमध्यें सांधा म्हणून वापरूं नये. दत्तकाची रेघ निराळ्या तऱ्हेची काढावी. भंगाच्या जागीं रेघ मोकळी सोडावी. आणि माता, पत्नी व कन्या यांचीं नांवें ज्या कागदांत आढळतील तेथून तीं उचलून अवश्य छापावीं. अर्ध्या कुळाचा वृत्तान्त छापून त्यास कुलवृत्तान्त म्हणणें शोभत नाहीं. मूळांत नाहीं तें लिहिणार नाहीं, ही मल्लिनाथाची प्रतिज्ञा टीकाकारांपुरती नाहीं. वंशावळकारानेंही ती घेण्यासारखी आहे.

शेवटीं एक गोष्ट संग्राहक बंधूंस उद्देशून स्पष्टपणें लिहिणें भाग आहे. ठाण्यांतील व कल्याणांतील जुने वाडे पडून त्यांच्या जागीं बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. वाडा उतरतांना माळ्यावरचीं रुमालें खालीं येतात, आणि मग दोन प्रकारचे लोक तेथें पोंचतात : रद्दीवाला व आपण. रद्दीवाला सर्व नेतो म्हणून आपण त्यास दोष देतों. पण आपण काय करतों? शिक्क्याचें पत्र, मोठ्या माणसाची सही, सुरेख वळणाची सनद एवढें निवडून घेतों व बाकीचें तेथेंच टाकतों. त्या बाकीच्यांत काय असतें? खर्चाच्या याद्या, सुइणीस दिलेल्या लुगड्याची नोंद, बारशाचा व श्राद्धाचा खर्च, लेकीच्या पाठवणीचा हिशेब. वर सांगितलेल्या 'स' वर्गाचीं उत्तमांतलीं उत्तम प्रमाणें हींच होत. कोणाशीं भांडण्याकरितां तीं लिहिलेलीं नाहींत. बाळाचा जन्म कोणत्या महिन्यांत व कोणाच्या पोटीं झाला तें कित्येकदां त्यांतूनच कळतें. सनद घराण्याचा मान सांगते, कीर्द घराण्यांतील माणसें सांगते. शिवाय रुमाल फोडला कीं कोणता कागद कोणाजवळ होता हा संबंध तुटतो, आणि सुटलेला कागद कितीही अस्सल असला तरी त्याची साक्ष अर्धी होते.

ठाण्यास हें काम नवें नाहीं. विनायक लक्ष्मण भावे यांच्यासारख्यांनीं जुन्या मराठी पोथ्या जमविल्या त्या येथेंच. १८९३ सालीं स्थापन झालेलें मराठी ग्रंथसंग्रहालय येथेंच आहे, व त्याहून जुनें, १८६४ चें, सार्वजनिक वाचनालय कल्याणांत आहे. रुमाल संबंध राखणें, त्याच्या बांधणीचा क्रम न मोडणें, वाड्याचें नांव, मालकाची अनुमति व तारीख वर लिहून ठेवणें, आणि निवड करण्यापूर्वीं सर्व कागदांचीं प्रकाशचित्रें घेणें इतकें ज्यास साधेल त्यानें तें करावें. ज्यास जागेच्या अभावीं मूळ कागद ठेवतां येत नाहींत त्यानें निदान यादी करून जवळच्या संस्थेस कळवावी. कुलवृत्तान्त पुढेंही लिहिले जातील, व ते लिहिले जावे अशीच आमची इच्छा आहे. परंतु कीर्दी एकदां गेल्या म्हणजे उद्यांच्या वंशावळकारास बिंबराजाखेरीज दुसरा आधार उरणार नाहीं. इतकें सुचवून हा लेख पुरा करितों.